सायकल कामात आहे

मात्सुयामात, ट्रामचा खडखडाट जिथे विरतो
त्या गल्लीत किनुयोबाईंचं अंगण :
चार पावलं लांब, तीन पावलं रुंद,
त्यातलं एक पाऊल सायकलीनं अडवलेलं.

जानेवारीत त्या संत्रं आडवं चिरतात.
अर्धं स्वतःला, अर्धं
प्लमच्या उघड्या फांदीवर खोचायचं,
मग काचेआड बसून चहा गार होऊ द्यायचा.
येतात. जोडीनं. हिरवट, मुठीत मावतील एवढे,
डोळ्यांभोवती पांढरी कडी.
इथे नाव मेजिरो, म्हणजे पांढऱ्या डोळ्यांचा.
मराठीत त्याच्या भावाला चष्मेवाला म्हणतात.
मला आपलंच आवडतं,
पेपर खाली ठेवून फळाकडे वळल्यासारखं.

मागून बुलबुल. करडा, केस पिंजारलेला,
थकबाकी वसूल करायला आल्यागत.
चष्मेवाल्यांना पिटाळतो, सालीची वाटी तेवढी ठेवतो.
किनुयोबाई काच वाजवतात.
तो मान वळवून बघतो. खातो.
"असू दे," त्या म्हणतात, "दारावर पाटी थोडीच होती
कुणी यायचं नि कुणी नाही."

मे महिन्यात सान्शो पालवतो.
सान्शो म्हणजे आपल्या तिरफळाचा चुलतभाऊ,
तसाच काटेरी, तसाच जिभेला झिणझिण्या आणणारा.
कुंडी तेइझोंची. चाळीस वर्षं टोफू विकलेला माणूस.
वडीवर एक पान, एकच;
आधी तळहातावर ठेवून टाळी,
वास जागा करायचा, मग ठेवायचं.
अळी दिसली तर चॉपस्टिकनं उचलून गटारात,
न बोलता.

तेइझोंवाचून हा चौथा मे.
अळ्या सात.

आधी पाखराच्या शिटेसारख्या, मुद्दामच तशा.
मग एका रात्रीत हिरव्या, गुबगुबीत,
बोट लावलं की डोक्यातून नारिंगी शिंगं काढून
दुर्गंध सोडणाऱ्या.
किनुयोबाई पुन्हा बोट लावतात.
बाराव्या दिवशी झाडाला पान नाही,
नुसते काटे आणि सात भुका.

शुक्रवारी रात्री अकरा. गाउनवर स्वेटर,
हातात त्याच चॉपस्टिक्स.
कुंपणावरून एकेक अळी
शेजारच्या शिगेमात्सुंच्या लिंबावर.
शिगेमात्सु दर रविवारी औषध मारतात,
मास्क लावून, घड्याळ बघून.
त्यांच्या खिडकीत दिवा होता की नव्हता
हे किनुयोबाईंनी पाहिलंच नाही.

शनिवार तसाच गेला.
रविवारी लिंबाच्या एका फांदीला
पार्सलची लाल सुतळी बांधलेली
आणि त्या फांदीवर जुनी चादर,
फवारा उडू नये म्हणून, अंघोळीनंतर पोराला गुंडाळावं तशी.
ना नमस्कार, ना चिठ्ठी.

चादर निघाली, बुलबुल आला.
तोच. घरी पिल्लं असणार आता.
सोमवारी चार, बुधवारी दोन.
किनुयोबाईंनी काच वाजवली नाही.
थंडीत संत्रं दाखवून ज्याला पत्ता दिला
त्याला उन्हाळ्यात म्हणायचं कसं, विसर?
एकाला जेवायला बोलावलं,
दुसरीलाही जेवायलाच.
ताटात कोण असेल
ते आमंत्रणात लिहायचं राहून गेलं.

सातवी अळी भिंत उतरून आली परत.
सायकलीच्या सीटखाली, अंगाभोवती एक धागा ओढून,
गंजाच्या रंगाची होऊन निजली.

तेव्हापासून किनुयोबाई दातांच्या डॉक्टरकडे चालत,
तांदूळ आणायलाही चालत, दोन-दोन किलो.
परवा शिगेमात्सु कुंपणापाशी थांबले,
घसा खाकरला.
"पंप देऊ का? टायर बसलाय वाटतं."

"टायर ठीक आहे," किनुयोबाई म्हणाल्या,
"सायकल कामात आहे."